भिंतीवरचं साळिंदर

माझी मावशी चिडली की दुप्पट जेवते. बाकीच्या बायका रागावल्या की ताट सारतात. ही आणखी वाढून घेते आणि घास असा चावते की समोरच्याला वाटावं, आपलंच हाड दाताखाली सापडलंय. म्हणून तिच्या सुनेचा फोन आला, "सासूबाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतलंय, तुम्ही निघा," तेव्हा मी काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. दुपारची बस धरली.

मोतीबिंदू काढल्यापासून मावशी आमच्याकडे, गावात होती. तिच्या मुलाने कारण सांगितलं होतं की घराला रंग द्यायचाय, त्या वासाने आईच्या डोळ्याला त्रास नको. किती गुणाचा मुलगा, म्हणून माझ्या आईने त्याचं कौतुकही केलं होतं. आता डोळा बरा झाला, तशी मावशी त्या दिवशी सकाळीच आपल्या घरी परतली. आपल्या खोलीचं दार उघडून बघते तर भिंती पांढऱ्याशुभ्र आणि खिडकीशेजारचं लाकडी कपाट गायब. कपाटाच्या जागी आरामखुर्ची. नवीकोरी, गुबगुबीत, पाय वर करून पसरायची सोय असलेली. खुर्चीच्या हाताला लाल फीत बांधून तिचं फूल केलेलं.

त्या कपाटात मावशीचे ठसे होते.

ठसे म्हणजे लाकडाचे, कापडावर छापायचे. लग्नाआधीपासून मावशी कापड छापायच्या कारखान्यात कामाला होती. लांबच लांब टेबलं, त्यांवर ताणून बसवलेलं कापड, आणि दोन्ही बाजूंनी बायका ठसा रंगाच्या गादीवर दाबत, कापडावर टेकवत, वरून मुठीने ठोकत पुढे सरकायच्या. मावशीचा ठोका सगळ्यात जोरात. तिथे तिचं नाव पडलं ठोकाबाई. मुकादमालाही तिने एकदा त्या नावाचा अर्थ नीट समजावून दिला होता, तेव्हापासून तो तिच्या टेबलाला लांबून वळसा घालायचा. तिच्या उजव्या हाताच्या कडेला, करंगळीच्या खाली, अजून घट्टा आहे. जू ओढणाऱ्या बैलाच्या मानेला असतो तसा.

मग यंत्रं आली. टेबलं निघाली, बायका निघाल्या. मावशी आपला डबा आणि चपला आणायला शेवटची गेली, तर मागच्या मोकळ्या जागेत ठशांचा ढीग घातलेला, आणि राखणदार एकेक ठसा उचलून शेकोटीत सारतोय. पानं, फुलं, पक्षी, लहान मुलांच्या कपड्यांवर छापायचे प्राणी, सगळं जळण. मावशीबरोबर बाबागाडी होती आणि गाडीत तान्हा मुलगा. तिने मुलाला काखेत मारलं आणि गाडीत ठसे भरायला लागली.

राखणदार म्हणाला, "अहो बाई, पोराला थंडी लागेल."

"पोर मी आणखी एक करीन," मावशी म्हणाली. "हे कोण करून देणार? तुम्ही?"

गाडी ठशांनी भरून, पोरगं काखेत बोंबलत, अशी ती सगळं गाव ओलांडून घरी आली. तेच पोरगं मोठं झालं, आणि त्यानेच ते कपाट रिकामं केलं. आता सांगा, माणसाने दुप्पट जेवू नये तर काय करावं?

त्या ठशांवर मावशीने पुढचं सगळं आयुष्य काढलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून कापडाचे उरलेले तुकडे आणायचे, जोडायचे, त्यावर छापायचं, छापलेल्या रेघेवरून भरतकाम करायचं, आणि त्याचं काहीतरी लहानसं बनवायचं. चष्म्याची पिशवी, सुयांचं पाकीट, किल्ल्यांना अडकवायचं बदक, टाचण्या टोचायची उशी. लोक भेट द्यायला घेऊन जातात. कुणाची बदली झाली, कुणाला मूल झालं, कुणी कामावरून निवृत्त झालं, की मावशीच्या दारात माणूस उभा.

पण ती लगेच हो म्हणत नाही. आधी उलटतपासणी.

"कोणासाठी?"

"आमच्या ऑफिसातल्या बाई आहेत."

"कशा आहेत?"

"चांगल्या आहेत."

"सगळेच चांगले असतात. तोंड बंद ठेवतात की चालू?"

मग तो माणूस इकडेतिकडे बघून सांगतो, की तशा जरा बोलक्या आहेत. मावशी पोपट काढते. एका पोस्टमनला तिने गोगलगाय छापून दिली होती. त्याने ती वर्षानुवर्षं पिशवीला लावून मिरवली, आणि आपल्याला काय दिलंय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिची कामाची पद्धत उलटी आहे. बाकीच्या बायका आधी तुकड्यावर छापतात आणि मग तुकडे जोडतात. चित्र आख्खं राहतं, काम सोपं. मावशी आधी तुकडे जोडते आणि ठसा नेमका जोडावर मारते. चिमणीचं पोट चौकटीच्या कापडावर आणि शेपूट पट्ट्यांच्या. जोडावर शिवण जाड असते, तिथे ठसा पूर्ण टेकत नाही, रेघ तुटते. ती तुटलेली जागा मावशी सुईने भरते. दांडीटाका, साखळी, गाठी, जे सुचेल ते. रेघ नाही तिथे कुठून वळायचं, हे तिला कोण सांगतं? कुणी नाही. ठसा तिला पाठ आहे. सगळा पाठ आहे, पण सुरुवातीला चार रेघा हव्यात. कारण चित्र तिला मुळीच येत नाही. पेन्सिल दिली की तिच्या पानाचा बटाटा होतो आणि बटाट्याचा काय होतो ते विचारूच नका. ठसे गेले की तिचं काम गेलं, इतकी सरळ गोष्ट.

आणि लोक काय म्हणतात? "छान आहे हो, वेळ जातो तुमचा." ह्या एका वाक्यावर मावशीने किती ओळखी तोडल्यात. "माझा वेळ जात नाही," ती म्हणते, "माझा वेळ ह्यात घातलेला आहे. नीट बघा, दिसेल."

मी पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. आरामखुर्चीत बसायला तिने साफ नकार दिला होता. मुलगा दारात उभा, शाळेत छडी खायला उभं करतात तसा. एरवी ती त्याला नावाने हाक मारते. चिडली की राजे म्हणते.

"राजे, तुमच्या बहिणीला सांगा. मोठ्याने सांगा."

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, माझा मित्र हॉटेलं सजवून देतो. त्याने कॉफीच्या एका नव्या हॉटेलात त्या ठशांची भिंत केली. ठसे टाकून नाही दिले मी. लोक येऊन बघतात, फोटो काढतात. आईच्याच वस्तूंचा मान आहे ना तो?"

"ठसा बघायचा नसतो," मावशी म्हणाली. "मारायचा असतो."

"आई, तूच म्हणायचीस ना, डोळे गेले, आता होत नाही."

"डोळे गेले म्हणून डोळे दुरुस्त करून आणले. हात तोडून आणले का?"

"आता तुझं आरामाचं वय आहे."

"आराम तुम्ही करा, राजे. जन्मल्यापासून करताय, सवय आहे."

सून भांडी पुसत होती. तिने पाठ न वळवता सांगितलं, "मी म्हटलं होतं, आईंना विचारा. मला म्हणाले, सरप्राईज आहे."

सरप्राईज! माझंही डोकं फिरलं. हल्ली ही एक नवी युक्ती निघाली आहे. माणसाला कामातून उठवायचं असेल तर भांडायचं नाही, त्याला खुर्ची भेट द्यायची. वर फीत बांधायची. मग त्याने आरडाओरडा केला तर तोच कृतघ्न. तान्हा असताना ह्याला काखेत लटकावून ठसे गाडीतून आणले होते, हे ह्याला शंभरदा सांगून झालेलं. ऐकतो कोण? ऐकलं असतं तर कळलं असतं की आधी घरात ठसे आले आणि मग हा चालायला शिकला.

मावशीला खरी तिडीक आली होती ती वेगळ्याच गोष्टीने. कोपऱ्यावरचा शिंपी दुकान बंद करून लेकीकडे राहायला चालला होता, कायमचा. रविवारी त्याचं सामान हलणार होतं. हा शिंपी म्हणजे तोंडात टाचण्या धरून बोलणारा माणूस. मावशीचं आणि त्याचं आयुष्यभर भांडण. ती म्हणायची, चांगले तुकडे लपवून ठेवता. तो म्हणायचा, दुकान माझं आहे की तुमचं. पण चिंध्या त्याने दुसऱ्या कुणाला कधी दिल्या नाहीत. ऑपरेशनच्या आधी मावशीने त्याच्यासाठी सुयांचं पाकीट जोडून ठेवलं होतं, त्याच्याच दुकानातल्या तुकड्यांचं. फक्त ठसा मारायचा बाकी होता. साळिंदराचा. ज्याच्या तोंडात सतत टाचण्या, त्याला साळिंदर. हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"रविवारी तो जाणार," मावशी म्हणाली, "आणि मी काय देऊ त्याला? खुर्ची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं हॉटेलात गेलो. मावशी पुढे, मी मध्ये आणि मुलगा मागे, खांद्यावर रिकामं पोतं घेऊन. ते पोतं मावशीने मुद्दाम त्याला दिलं होतं. ठसे त्यात भरून, त्याच्याच पाठीवरून घरी आणायचे, असा तिचा बेत.

हॉटेल म्हणजे कॉफीच्या वासाने भरलेली लांबट खोली. उंच स्टुलं, मंद दिवे, आणि एक अख्खी भिंत मावशीच्या ठशांची. खालपासून छतापर्यंत. कोरलेली बाजू बाहेर, वर चकचकीत व्हार्निश. मावशी भिंतीसमोर उभी राहिली. नवा डोळा बारीक करून तिने एकेक ठसा बघितला. मला वाटलं, आता रडते की काय. पण ती ओरडली, "बदक उलटं आहे!"

खरंच होतं. पाय वर, डोकं खाली. स्टुलांवरची माणसं वळून बघायला लागली.

मालक काउंटरमागून बाहेर आला. तरुण, हसतमुख, हात जोडलेले. "या ना मावशी, बसा ना."

"मावशी? माझी भाची ही इथे उभी आहे. तुम्ही कोणाचे?"

त्याने हात सोडले. मुलाने त्याला बाजूला नेऊन कानात काहीतरी सांगितलं. तो बिचारा वाईट माणूस नव्हता, तेवढं कबूल केलं पाहिजे. म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही हे वापरातले आहेत म्हणून. मला सांगितलं, जुने आहेत." मग आतून पेचकस घेऊन आला. "तुमचे आहेत तर घेऊन जा. भिंतीचं मी बघतो."

मावशीचा चेहरा जरा सैल झाला. पोतं पसरलं गेलं. मालकाने खालच्या बाजूचं पिंपळपानासारखं एक पान निवडलं, त्याच्या मागे पेचकस घातला आणि हलकेच दाबलं. हललं नाही. जोर लावला. हललं नाही. त्याने सजावटवाल्या मित्राला फोन लावला. पलीकडून आवाज आला तो आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. "अरे, ते निघणार नाहीत! असला गोंद लावलाय, भिंत पडेल पण ठसा पडणार नाही!" फार अभिमानाने सांगत होता.

मुलगा म्हणाला, "दे इकडे." त्याला वाटलं असावं, आपण केलेलं आपण निस्तरू. त्याने पेचकस मुठीत धरून ओढला. कड्‌ असा आवाज झाला आणि पानाचे उभे दोन तुकडे झाले. अर्धं त्याच्या हातात, अर्धं भिंतीला.

कॉफीचं यंत्र तेवढं फुसफुसत होतं.

मावशीने मुलाच्या हातातलं अर्धं पान घेतलं. बोटाने त्याची शीर चाचपली, जिथे फुटलं होतं तिथे. मी चाळीस कारणांवरून तिला चिडलेली पाहिलंय, पण असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, अगदी खालचा.

"ह्याच्यापेक्षा राखणदार बरा होता," ती म्हणाली. "तो निदान थंडी वाजत होती म्हणून जाळत होता."

मुलाने मान खाली घातली. मालक म्हणाला, "बसा, कॉफी देतो." ती बसली नाही. भिंतीकडे बघत उभीच राहिली. मग हळूहळू तिची मूठ वळली. उजवी. मी मनात म्हटलं, आता मालकाचं काही खरं नाही.

मूठ तिने भिंतीवरच्या एका ठशावर टेकवली. हलकेच ठोकली. पुन्हा ठोकली. भिंत भक्कम होती, ठसा तसूभरही हलला नाही.

"राजे," ती म्हणाली, "घरी जा. शाईचा डबा, गादी, आणि माझ्या टोपलीतलं शिंप्याचं पाकीट. पळत जा."

"कशाला?"

"ठसा कापडापर्यंत येत नाही ना? कापड ठशापर्यंत जाईल. जा म्हटलं ना!"

तो पळाला. मालकाला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्याने भिंतीकडे पाहिलं, पांढऱ्या रंगाकडे पाहिलं, मावशीच्या मुठीकडे पाहिलं आणि गुपचूप काउंटरमागे गेला.

साळिंदर सापडलं ते पार छताला. मावशीचा हात पुरेना, आणि शिडीवर चढायला डॉक्टरांनी मनाई केलेली. मालकाने आतून शिडी आणली. मुलगा धापा टाकत परत आला, तसा तिने त्यालाच वर चढवलं.

"गादी शाईवर दाब. आता ठशावर टिप. टिप म्हटलं, फासू नकोस! जेवण वाढतोयस का? आता पाकिटाचं कापड धर. जोड मधोमध आला पाहिजे, मानेवर. वर कपड्याची घडी ठेव. आता मूठ. ठोक."

त्याने ठोकलं.

"बाळाला थोपटतोयस का? ठोक!"

त्याने ठोकलं. शाईचे निळे शिंतोडे पांढऱ्या भिंतीवर, त्याच्या शर्टवर आणि खाली एका गिऱ्हाईकाच्या कॉफीत. गिऱ्हाईक उठून गेलं नाही. सगळे स्टुलं वळवून बसले होते, हे त्या भिंतीच्या फोटोपेक्षा बरं होतं.

कापड सोलून काढलं तेव्हा मुलाचं तोंड पडलं. व्हार्निश कोरीव रेघांत जाऊन बसलं होतं. साळिंदराचे काटे निम्मेच उठले होते, पाय नव्हते, आणि तोंडाच्या जागी नुसता निळा डाग. "वाया गेलं," तो म्हणाला, आणि ह्या वेळी त्याचा आवाज खराच रडवेला होता.

मावशीने कापड उजेडात धरलं. "कुणी सांगितलं वाया गेलं? आयुष्यभर काय केलं मी? जोडावर कधी पूर्ण उठलाय का ठसा?" मग जरा थांबून, "पण ठोका फुसका होता तुझा. उतर खाली."

'राजे'वरून ती 'तू'वर आली होती. हे माझ्या लक्षात आलं, त्याच्या आलं की नाही माहीत नाही.

तीन दिवस ती खिडकीशी स्टुलावर बसून भरत होती. नवा डोळा, जुनी सुई. काटे उभ्या टाक्यांनी, करड्या दोऱ्याचे. पाय साखळीने. तोंड शेवटी. मग निळी शाई पाण्यात धुऊन काढली, तशी उरली ती नुसती दोऱ्याची रेघ. ती ठशातल्यासारखी तंतोतंत नव्हती. ठशातलं साळिंदर जरा बावळट होतं. हे तोंड वेंगाडून बघत होतं, आणि त्याच्या ओठात मावशीने चार टाके आडवे घातले होते. टाचण्या.

रविवारी शिंप्याचं सामान गाडीत चढत होतं. मावशीने पाकीट त्याच्या हातात कोंबलं. त्याने उलटंपालटं करून बघितलं, आधी आतली बाजू, शिंपीच तो. मग साळिंदर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा मी आहे का?" त्याने विचारलं. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी तसंच बोलला.

"नाही, डुक्कर आहे. घ्या गप."

"ह्या पट्ट्यांच्या कापडाचा तुकडा मी दिला नव्हता तुम्हाला."

"मी घेतला होता."

"माहीत आहे मला," शिंपी म्हणाला आणि पाकीट वरच्या खिशात घालून गाडीत बसला. मावशी गाडी वळेपर्यंत थांबली नाही. येता येता मला म्हणाली, "बघितलंस? जाता जातासुद्धा चोर म्हणून गेला."

आता मंगळवारी हॉटेल बंद असतं, तेव्हा मावशी तिथे जाते. मुलगा शिडी धरतो, शिडीवर चढतो, ठोकतो, शिव्या खातो. मालकाने पहिल्यांदा विचारलं होतं, भिंतीवरची शाई पुसायचं काय? मावशी म्हणाली, "पुसा की. मी पुन्हा येणारच आहे." तेव्हापासून त्याने पुसणं सोडलं. भिंत निळी पडत चाललीय. बदक अजून उलटंच आहे. ते छापायचं असलं की ती कापड उलटं धरते आणि सजावटवाल्याच्या नावाने बोटं मोडते, दर खेपेला, न चुकता.

राग तिचा गेला नाही. का जावा? अर्धं पान तिने खिडकीत ठेवलंय, मुलाला येताजाता दिसेल असं. आरामखुर्चीही आहे, फेकली नाही. तिच्यावर शिंप्याने जाताना सोडून दिलेलं चिंध्यांचं मोठं गाठोडं बसवलंय, पाय वर करून. पाहुणे आले आणि कुणी त्या खुर्चीकडे वळलं की मावशी स्टुलावरून खेकसते, "तिथे नाही. तिथे बसलेलं आहे कुणीतरी."